बार्बूला जमलं, मग मला का नाही?

ताई,

मी 26 वर्षांची. गणितात पीएचडी करतेय, रिंग थिअरी या बीजगणिताच्या शाखेत. तिसरं वर्ष चालू आहे. शाळेपासून कविता लिहिते. मागच्या एका दिवाळी अंकात एक छापून आली आणि नेमकी आमच्या गाइड सरांच्या नजरेस पडली. सर म्हणाले, "छान आहे. मग आता हेच करणार का?" तेव्हापासून त्यांच्या केबिनपाशी गेलं की पोटात गोळा येतो. आई म्हणते, आधी ते पीएचडीचं एकदाचं उरक, कविता कुठं पळून जात नाहीत. मामेभावानं रोमानियातल्या योन बार्बूबद्दल काहीतरी पाठवलं. मोठा गणिती आणि मोठा कवीही. खाली लिहिलं होतं, "बघ, जमतं दोन्ही." मला जमेल का? की एक सोडावंच लागेल? कविता टोपणनावानं छापू का, म्हणजे सरांना कळणार नाही? आणि एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. गेले आठ महिने गणितात एक ओळ पुढं सरकलेली नाही. कविता मात्र रोज येते. हा इशारा समजायचा का? सोबत दोन कविता जोडल्यात, वाटल्यास वाचा.

— दोन वह्या, कोल्हापूर

प्रिय दोन वह्या,

डॉक्टरकडून सर्दीचं औषध घेऊन निघालेला माणूस दारात वळून म्हणतो, "आणि हो, छातीत जरा दुखतं." तुझं पत्र तसं आहे. खरं दुखणं शेवटच्या चार ओळींत आहे. तिथं येतेच. पण आधी बार्बू, कारण भावानं तुला अर्धाच पाठवलाय.

मला तो आधी कवी म्हणून भेटला नाही. कॉलेजात गणित शिकवत असताना अंतर-भूमितीच्या वाचनात 'बार्बिलियान अवकाश' हा शब्द आला. त्या नावामागचा माणूस कवीही होता हे पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. गणिताच्या लेखांवर नाव दान बार्बिलियान, कवितांवर योन बार्बू. माणूस एकच. जन्म 1895 चा, किंपुलुंग या गावचा. वडील न्यायखात्यात. म्हणजे बदल्या, म्हणजे गावोगावच्या शाळा, हे आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी नोकरदाराच्या मुलाला समजावून सांगायला नको. रोमानियात 'गझेता मातेमातिका' नावाचं, शाळकरी मुलांना गणितं घालणारं मासिक आहे. तेही 1895 सालीच निघालं. हा मुलगा आपल्याच वयाच्या त्या मासिकात गणितं सोडवत मोठा झाला आणि त्याच्या स्पर्धेत चमकला.

कवितेची सुरुवात, म्हणतात, एका पैजेतून झाली. शाळेतला दोस्त तुदोर व्हियानू, जो पुढं मोठा समीक्षक झाला, त्याच्याबरोबर सहलीला गेला असताना यानं सांगून टाकलं की कवितांची अख्खी वही लिहून दाखवतो, कारण ती शक्ती प्रत्येकातच असते. या कथेत मीठमसाला किती हे सोड. कविता पहिल्यांदा छापून आली ती 1918 मध्ये. व्हियानूनं 1935 मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तुला असा एक व्हियानू आहे का? मामेभाऊ नव्हे. कविता वाचून "हे कडवं भरतीचं आहे" असं तोंडावर सांगणारा कुणीतरी. नसेल तर गाइडची भीती वाटण्याआधी तुला ही उणीव जाणवायला हवी होती.

आता भावानं न पाठवलेला अर्धा भाग. 1921 मध्ये पदवी घेऊन बार्बिलियान जर्मनीतल्या गॉटिंगेनला गेला. मधे पहिल्या महायुद्धात लष्करी नोकरीनं शिक्षण खोळंबलं होतं, म्हणून पदवीलाच सव्विसावं उजाडलं. तुझंच वय. गॉटिंगेन म्हणजे त्या काळातली गणिताची पंढरी. हिल्बर्ट तिथं, लांडाऊ तिथं. एक विद्यार्थी गणित सोडून कवी झाला असं कुणी सांगितल्यावर हिल्बर्ट म्हणाले होते, बरंच झालं, गणिताला पुरेल एवढी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नव्हतीच. असा एक किस्सा सांगतात. तो विद्यार्थी बार्बू नव्हे, पण बार्बू वावरत होता ती हवा ही.

त्या गावात लांडाऊंकडे संख्या सिद्धांतावर काम करायला गेलेला हा हुशार मुलगा दोनेक वर्षांनी डॉक्टरेट न घेता परतला. ईथर आणि कोकेनचं व्यसन लागलं होतं. परत आल्यावर त्यासाठी दवाखान्यात राहावं लागलं. आणि आता नीट ऐक: त्याच्या सगळ्यात गाजलेल्या कवितांतल्या काही याच उद्ध्वस्त वर्षांच्या आसपासच्या आहेत. 'रीगा क्रिप्तो आणि लापोना एनिजेल' हे दीर्घ कथाकाव्य 1924 चं. रोमानियातली मुलं आज ते शाळेत शिकतात. गोष्ट साधी आहे. सावलीत, ओलीत राहणारा आळंब्यांचा राजा रेनडिअर हाकत दक्षिणेकडे निघालेल्या उत्तरेकडच्या एका मुलीच्या प्रेमात पडतो. तो म्हणतो, इथंच सावलीत थांब. ती म्हणते, मी सूर्याची भक्त आहे. इतक्यात ऊन वर येतं, त्याला गाठतं, आणि बिचारा राजा विषारी होऊन जातो.

म्हणजे गणित बंद पडलेलं आणि कविता वाहतेय, अशी स्थिती त्याची झाली होती. तुझ्यासारखीच. तो इशारा होता का? पुढं काय झालं ते बघ. कविता वाहत होती म्हणून त्यानं गणित सोडलं नाही. संख्या सिद्धांत मात्र सोडला. बुखारेस्टला परत येऊन शाळेत गणित शिकवलं, विद्यापीठात गेओर्गे त्सित्सेइका या भूमितीतल्या थोर माणसाच्या हाताखाली पुन्हा सुरुवात केली आणि 1929 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, हायपरएलिप्टिक फलांवर प्रबंध पुरा केला. गॉटिंगेनहून रिकाम्या हातानं आल्यापासून पाच वर्षं. तुझे आठ महिने त्याच्याशेजारी ठेवून बघ.

इतकी वर्षं मुलांना शिकवून माझं एक मत झालंय, चुकीचंही असेल. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी रोज कविता येते तेव्हा बहुतेक वेळा ती कविता म्हणून येत नसते, पळवाट म्हणून येते. गणित तीन-तीन महिने काहीच देत नाही. कविता संध्याकाळपर्यंत काहीतरी हातात ठेवते. मन तिकडं धावणारच, त्यात पाप काही नाही. पण त्यावरून "मी मुळात कवयित्रीच" असा निष्कर्ष काढशील तर ती सिद्धता मी तपासून लाल शाईनं परत पाठवीन. नसरुद्दीन मुल्ला आपल्या ओळखीचा. बार्बूच्या एका कवितेत तो फाटक्या शिडांच्या जहाजातून येतो. किनाऱ्यावरची माणसं त्याला खायला देऊ करतात, तो घेत नाही, गप्प बसून स्वतःच्याच अंगाचे लचके तोडून खातो. ही कविता मला तुझ्या पत्रामुळं आठवली. आठ महिने अडकून पडलीस आणि एकाही माणसाला सांगितलं नाहीस!

आता तुझा मोठा प्रश्न, दोन्ही जमतं का.

बार्बूची कविता 1918 ते 1930. मोजून एक तप. 1930 मध्ये 'झोक सेकुंद' म्हणजे 'दुसरा खेळ' हा संग्रह आला, अगदी सडपातळ. स्वतःच्या आधीच्या कितीतरी कविता त्यानं त्यात घेतल्या नाहीत, गाजलेल्यासुद्धा. आणि मग कविता जवळजवळ थांबली. क्वचित एखादी, 1947 मध्ये एका तरुण कवयित्रीच्या वहीत लिहून दिली तशी. तिच्यात आठवण निघते ती गॉटिंगेनची आणि थोर गणिती गाउसची. बाकी 1961 मध्ये वारला तोवरची अडीच तपं गणिताची. अंतर मोजायची नवी रीत मांडणारा लेख 1934 चा, रिंगांवरच्या भूमितीचा दोन भागांतला जर्मन लेख 1940-41 चा, बुखारेस्ट विद्यापीठात बीजगणिताचा प्राध्यापक झाला 1942 मध्ये. जोडून वाचलं की दिसतं, एकाच वेळी दोन्ही टिपेला असा काळ फारसा नाहीच. एका शेतात खरीप आणि रब्बी दोन्ही निघतात, पण जूनमध्ये हरभरा कुणी पेरत नाही. "जमतं दोन्ही" हे भावाचं वाक्य खरं आहे, फक्त त्यात साल घालायचं राहिलंय.

कविता का थांबली यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मला वाटतं, तो कवितेत जे शोधत होता ते त्याला गणितात जास्त चोख मिळायला लागलं. 1927 च्या एका मुलाखतीत त्यानं म्हटलं होतं की कविता हा माझ्यासाठी भूमितीचाच पुढं वाढलेला भाग आहे, आणि भूमितीच्या उंच प्रांतात कुठंतरी एक उजळ जागा आहे, तिथं ती कवितेला भेटते. हे वाक्य लोक फार आवडीनं एकमेकांना पाठवतात. पण 'कुठंतरी' आणि 'उंच' हे दोन शब्द सोडून वाचतात. ती जागा पायथ्याशी आहे असं तो कुठं म्हणाला?

ती जागा कशी असेल याचा मला एकदा अंदाज आल्यासारखं वाटलं होतं. सांगते, कारण तू गणिताची आहेस आणि दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर जांभई देतील. एक बंद कुंपण घे. आत दोन झाडं, एक आंबा, एक चिंच. राखणदार कुंपणावरून पूर्ण चक्कर मारतो आणि पावलोपावली एकच गोष्ट टिपतो: इथून आंब्याचं अंतर चिंचेच्या अंतराच्या किती पट? सबंध फेरीतल्या सगळ्यात मोठ्या पटीला सगळ्यात लहान पटीनं भाग, लॉगॅरिदम काढ. ते त्या दोन झाडांमधलं अंतर. झालं! हे 1934 चं बार्बिलियानचं अंतर. झाड एकच असेल तर पट सगळीकडून 1, आणि 1 चा लॉग शून्य. कुंपण वर्तुळाकार असेल तर यातून चक्क लोबाचेव्हस्कीची, म्हणजे युक्लिडहून वेगळी, भूमिती हातात येते. आणि झाड कुंपणाच्या जवळ-जवळ सरकवत नेलं की अंतर वाढतच जातं, वाढतच जातं. कुंपण डोळ्यांसमोर असूनही आतल्यासाठी अनंतावर. राखणदार आत एक पाऊलही टाकत नाही. नुसतं काठावरून बघून आतलं सगळं जग मोजतो.

आता 'दुसरा खेळ'मधली पहिली कविता. तिथं काळातून निष्कर्ष काढावा तसा एक खोलपणा काढलेला आहे. क्रियापद तर्कशास्त्रातलंच आहे. डोंगरमाथा आरशातून निळाईत शिरलाय, रानातले कळप पाण्यात बुडालेत, म्हणजे त्यांचं प्रतिबिंब, आणि त्या पाण्यात दुसरा, जास्त निर्मळ खेळ चाललाय. इथंही बघणारा काठावरच उभा आहे. आत उतरत नाही, काठावरून दिसतं त्यातून आतलं बांधतो. कविता 1930 च्या संग्रहातली, अंतराचा लेख नंतरचा. हा संबंध माझा मी लावलाय, बार्बूच्या माथी मारत नाही. पण तुझ्या दोन वह्यांत काही नातं असलंच तर ते अशा ठिकाणी असेल.

म्हणून तुझ्या दोन कवितांकडं येते. पहिलीत समांतर रेषा अनंतात भेटतात, शून्य हुंकार देतं आणि कुणाच्या तरी आयुष्याचं समीकरण सुटत नाही. ही फाडून टाक. बार्बूच्या कवितेत समीकरणं सुटत नसतात, न सुटायलाही नसतात. गणिताचे शब्द कवितेत आणून ठेवले की कविता गणिती होत नाही, नुसती शाळेच्या तक्त्यासारखी दिसते. दुसरी, एसटी स्टँडवर पहाटे सामान राखत बसलेल्या बाईची, ती मात्र मी ठेवून घेतलीय. त्यात गणिताचा एक शब्द नाही आणि तरी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून निघते.

(आता कुणीतरी म्हणेल, आपल्याकडं भास्कराचार्यांची 'लीलावती' होतीच की. होती, आणि तिच्यातलं कमळ, भुंगे, हंस मला पाठ आहेत. पण तिथं वृत्त हे गणित लक्षात राहावं म्हणून आहे. बार्बूचा मामला वेगळा.)

टोपणनावाचं म्हणशील तर घे. मराठीत त्याची काय वाण? नारायण मुरलीधर गुप्ते यांनी 'बी' या एका अक्षरावर भागवलं, गणितातला एखादा चल असावा तसं. पण सरांपासून लपायला म्हणून घेऊ नकोस. बार्बूची दोन नावं म्हणजे दोन कामांना दोन दारं असावीत तशी. मुलाखतीला कवी बसायचा आणि खुशाल भूमितीवर बोलायचा. लपवाछपवी नव्हती. आणि दोन नावं असली तरी हिशेब एकाच माणसाच्या खात्यावर जमा होतो. त्याच्याही झाला. 1940 च्या सुमाराला हा माणूस आयर्न गार्ड या फॅसिस्ट संघटनेकडं झुकला, हिटलरची स्तुती करणारी कवितासुद्धा लिहिली. प्राध्यापकपदाची आशा हे त्याचं कारण सांगतात. कारण कसलं, ते तर आणखीच वाईट. निर्मळ खेळाची भाषा करणाऱ्याचं हे पान मी तुझ्यापासून का झाकून ठेवू? तू त्याला देव्हाऱ्यात बसवायला निघाली होतीस. तिथं नको, कपाटात ठेव, पुस्तकांत.

तर करायचं काय?

या आठवड्यात सरांना भेट आणि पहिलं वाक्य कवितेबद्दल बोलू नकोस. सांग, "सर, मी आठ महिने अडकले आहे. केलं काय आणि अडलं कुठं ते दोन पानांत लिहून आणलंय." ती दोन पानं खरंच लिहून ने, कवितेच्या वहीत लिहितेस त्या अक्षरात. मी तीस वर्षं टेबलाच्या पलीकडं बसलेय म्हणून सांगते: ज्या मुलीचं आठ महिने काही ऐकू येत नाही, तिची कविता छापून आली की गाइडच्या तोंडून तेच वाक्य निघतं जे तुझ्या सरांच्या निघालं. त्यात टोमणा असेल, पण निम्मी काळजी असते. आणि त्यांच्याकडं छोटा प्रश्न माग. सगळ्या रिंगांसाठी काही सिद्ध होत नसेल तर एका जातीच्या रिंगांसाठी होतं का बघ. बार्बिलियाननंही भूमिती उभारताना वाटेल ती रिंग घेतली नव्हती. एका बाजूनं व्यस्त असणारा घटक दुसऱ्या बाजूनंही व्यस्तच निघावा, एवढी अट घालून घेतली आणि मग काम पुढं गेलं. लेख जर्मनमध्ये आहे, पण त्यावरून नंतर झालेलं काम इंग्रजीत सापडेल. चाळून ठेव, तुझ्याच गल्लीतलं आहे.

विषय बदलायची वेळ आली तर बदल. त्यानं बदललाच की.

कवितेला वर्षभर एक वार दे. मी रविवार म्हणणार होते, पण रविवारी घरात पाहुणे असतात, तेव्हा बुधवार बरा. बाकीचे दिवस ओळ आली तर कागदाच्या कपट्यावर टिपून ठेव आणि उठ. आईचं "कविता कुठं पळून जात नाहीत" हे मला पूर्ण मान्य नाही, कधीकधी जातात, बार्बूच्या गेल्या. पण आठवड्यातल्या एका दिवसाच्या भेटीवर टिकणार नाही इतकी तुझी नाजूक असेल तर पीएचडी सोडून तरी ती किती दिवस टिकेल?

एक सोडावं लागेल का, याचं उत्तर मी आज देणार नाही. प्रबंध जमा झाल्यावर विचार. त्याचाच एक विद्यार्थी, सोलोमन मार्कुस, पुढं नामांकित गणिती झाला आणि 1970 मध्ये त्यानं 'गणिती काव्यशास्त्र' या अर्थाचं पुस्तक लिहिलं. कविता लिहिल्या नाहीत, कवितेचंच गणित मांडलं. तेव्हा या दोन घरांमध्ये तिसरी, चौथी खोलीही निघते. तुझी कुठली निघेल हे तिसऱ्या वर्षाच्या मधोमध, पोटात गोळा असताना, कुणालाच दिसणार नाही.

सरांची भेट झाली की कळव. आणि ती एसटी स्टँडची कविता तिसरं कडवं काढून मला पुन्हा पाठव. त्या कडव्यात तू बाईच्या मनात शिरलीयस, तिथं काठावरच उभी राहायला हवी होतीस.

तुझी,
ताई